गुप्त विद्या आणि विद्यापीठ : ब्रिटनमधील संकेतविद्येचे शिक्षण व नोकरी

एखादी विद्या राज्यसंस्थेला अत्यंत निकडीची असावी आणि तरीही ती कोणत्याही विद्यापीठात शिकविली जाऊ नये, अशी विसंगती ब्रिटनमध्ये संकेतविद्येच्या बाबतीत दीर्घकाळ टिकून होती. शत्रूच्या सांकेतिक संदेशांचा उलगडा करणे व स्वतःचे संदेश सुरक्षित राखणे, ही या विद्येची दोन अंगे. आज ‘माहिती-सुरक्षा’ या नावाने पदव्युत्तर वर्गांत शिकविल्या जाणाऱ्या विषयाची पूर्वपीठिका या विसंगतीत शोधावी लागते.

ऑगस्ट १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारचे संकेतखाते लंडनहून ब्लेचली पार्क येथे हलविण्यात आले. खात्याचे प्रमुख ॲलेस्टर डेनिस्टन यांनी ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील अध्यापकांशी आधीच संपर्क साधून ठेवला होता. अध्यापकाने आपल्या परिचयातील बुद्धिमान विद्यार्थ्याचे नाव सुचवावे, ही निवडीची एक प्रमुख रीत होती. गणिताचे अध्यापक गॉर्डन वेल्चमन यांनी भूमितीतील आपल्या विद्यार्थिनी जोन क्लार्क यांना १९४० मध्ये याच रीतीने तेथे आणले. क्लार्क यांनी परीक्षेत प्रथम वर्ग मिळविला होता. तथापि पूर्ण पदवी त्यांना मिळाली नव्हती, कारण स्त्रियांना ती देण्यास केंब्रिजने १९४८ मध्ये प्रारंभ केला. खात्यातही त्यांच्या कामास साजेशी वेतनश्रेणी उपलब्ध नव्हती. म्हणून बढतीसाठी त्यांची नोंद ‘भाषातज्ज्ञ’ अशी करण्यात आली. ‘श्रेणी : भाषातज्ज्ञ; भाषा : एकही नाही’ असे उत्तर प्रश्नावलीत लिहिताना त्यांना गंमत वाटे.

जपानशी युद्ध सुरू झाल्यावर खऱ्या भाषातज्ज्ञांची उणीव भासू लागली. जपानी शिकविण्यास किमान दोन वर्षे लागतील, असे लंडनच्या पौर्वात्य विद्यासंस्थेचे मत पडले. जॉन टिल्टमन यांनी मात्र फेब्रुवारी १९४२ मध्ये बेडफर्ड येथे सहा महिन्यांचा वर्ग सुरू केला. निवृत्त नौदल अधिकारी ऑस्वल्ड टक हे तेथील शिक्षक. विद्यार्थी बहुतांशी ग्रीक व लॅटिनचे होते. वर्ग यशस्वी ठरला. त्यांतील काहींची नेमणूक दिल्लीस आनंद पर्वतावरील केंद्रात झाली. विद्यापीठाने या विद्यार्थ्यांना जपानी शिकविली नव्हती. अपरिचित मजकुराचा धीराने अर्थ लावण्याची शिस्त मात्र दिली होती, आणि तीच येथे उपयोगी पडली.

युद्ध संपले, परंतु गुप्ततेचे बंधन सुटले नाही. १९७४ पर्यंत या कार्याचा जाहीर उच्चार जवळजवळ अशक्य होता. परिणामी जे ज्ञान विद्यापीठांच्या बळावर वाढले, ते विद्यापीठांकडे परत आले नाही. क्लिफर्ड कॉक्स यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. केंब्रिज व ऑक्सफर्ड येथे गणित शिकून ते १९७३ मध्ये जीसीएचक्यूत, म्हणजे जुन्या संकेतखात्याच्याच नव्या अवतारात, दाखल झाले. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण त्या गुणाकारावरून मूळ संख्या शोधणे अतिशय कठीण. या तत्त्वावर त्यांनी त्याच वर्षी अशी पद्धती रचली की, संदेश बंद करण्याची किल्ली सर्वांना उघडपणे देता यावी. हे कार्य दप्तरबंद राहिले. १९७७ मध्ये अमेरिकेतील रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी तीच पद्धती स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केली. तिची चिकित्सा झाली, तीवर प्रबंध लिहिले गेले, व्यवहारात तिचा उपयोग होऊ लागला. कॉक्स यांचे श्रेय १९९७ मध्ये जाहीर झाले.

या उघड चर्चेमुळेच संकेतविद्येला शास्त्राचे रूप आले व तिचा अभ्यासक्रम आखणे शक्य झाले. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात १९९२ मध्ये माहिती-सुरक्षेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. २०१४ मध्ये तर खुद्द जीसीएचक्यूने काही विद्यापीठांच्या अशा पदव्यांना मान्यता दिली. जे खाते एकेकाळी आपल्या कर्मचाऱ्याचे काम त्याच्या गुरूलाही कळू देत नसे, त्यानेच कोणती पदवी नोकरीस पात्र करते हे जाहीरपणे सांगावे, हा बदल लहान नव्हे. विशिष्ट किल्ली गुप्तच राहिली पाहिजे. परंतु किल्ली घडविण्याचे शास्त्र गुप्त राहिल्यास ते खुंटते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.