मावळे मिळतात, गुराबा मिळत नाहीत

दिवाळीतला किल्ला हे मराठी मुलांचे इतिहासाचे पहिले पुस्तक. इंग्लंडात ब्रिटन कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ शिपाई ओतले. पुढे १९५० नंतर एअरफिक्सने प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत घालून लढाऊ विमाने विकली. तसल्या पेट्या आता आमच्या मुलांच्याही हाती येतात. त्यांत सारे मापात. बहात्तरास एक या प्रमाणाने साडेपाच फुटांचा शिपाई इंचभरही भरत नाही. आमच्या तांबड्या मातीच्या किल्ल्यावर मात्र मावळा बुरुजाहून उंच! त्याबद्दल माझी तक्रार नाही. महाराज सिंहासनावर बसले, की तट लहानच दिसायचा.

तक्रार निराळी आहे. रत्नदुर्गाला तिन्ही बाजूंनी समुद्र. पण त्याच्या पायथ्याची मुले किल्ला करतात तो देशावरचा. घोडेस्वार आहेत, तोफा आहेत, जहाज मात्र एक नाही. बाजारात मावळ्यांचे ढीग असतात. गुराब कोण विकतो? आणि कोकणची लढाई तर गुराबांची नि गलबतांची. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, नाळ पुढे लांब निघालेली. नाळेवरच्या तोफा थेट समोर डागायच्या. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. वारा पडला की गुराबेला ओढून नेई. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले तोवर याच ताफ्याने इंग्रज-पोर्तुगीजांना जेरीस आणले होते.

म्हणून एका दिवाळीत मी वर्गातल्या मुलांकडून विजयदुर्ग करवला. १९८१ पर्यंत तो आमच्याच जिल्ह्यात होता. पांगाऱ्याच्या लाकडाच्या गुराबा कोरल्या, जुन्या धोतराची शिडे लावली. लढाई ठरली १७५६ च्या फेब्रुवारीतली. समोर वॉटसनचे आरमार. १२ तारखेला एका जहाजाला आग लागली. जहाजे एकमेकांना बांधलेली, त्यामुळे तुळाजी आंग्र्यांचा ताफा पाहता पाहता जळाला. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

"आणि जमिनीच्या बाजूला कोण होतं, गुरुजी?" एकाने विचारले.

पेशव्यांची फौज, मी सांगितले. तुळाजी नानासाहेबांना जुमानीत नव्हता, म्हणून त्यांनी इंग्रजांशी करार केला होता.

"म्हणजे मावळे दोन्हीकडं?"

"दोन्हीकडे."

पिशवीतले मावळे सगळे एकाच साच्यातले. तोच फेटा, तीच ढाल. त्याने ते मोजले, अर्धे तटावर उभे केले नि उरलेले बाहेर, तटाकडे तोंड करून.