आग्र्याची सुटका आणि संगमेश्वरची कैद

१/ आग्र्याहून सुटकेची कथा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. पण त्या सुटकेत शिवाजी महाराजांबरोबर आणखी एक जीव वाचला होता : नऊ वर्षांचे संभाजीराजे. त्यानंतर साडेबावीस वर्षांनी हेच राजे रत्नागिरी जिल्ह्यातील कसबा संगमेश्वर येथे मोगलांच्या हाती सापडले. आजचा धागा या दोन घटनांमधील नात्याविषयी.

२/ संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. दोन वर्षांनी आई सईबाई गेल्या. आजी जिजाबाईंच्या छायेत ते वाढले. मात्र आठव्या वर्षीच राजकारण त्यांच्या दारी आले. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहानुसार पाच हजारी मनसब त्यांच्या नावे ठरली आणि तहाची हमी म्हणून काही काळ त्यांना मिर्झाराजे जयसिंहांच्या छावणीत राहावे लागले.

३/ पुढच्याच वर्षी आग्रा. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात महाराजांचा अपमान झाला आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या मुक्कामाभोवती फुलादखानाचे पहारे बसले. जयसिंहांचे पुत्र रामसिंह यांच्या माणसांनी आग्र्याहून लिहिलेली राजस्थानी पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत या देखण्या, गोऱ्या बालराजाचा उल्लेख येतो. पिता नजरकैदेत असतानाही हा मुलगा रामसिंहांबरोबर दरबारात जात राहिला. शत्रूच्या सभेत रोज शांत चेहऱ्याने उभे राहायचे, हे त्या वयात सोपे नव्हते.

४/ १७ ऑगस्ट १६६६ रोजी पिता-पुत्र निसटले. सभासद बखरीनुसार ते मिठाईच्या पेटाऱ्यांतून बाहेर पडले. तपशिलांविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण पहाऱ्यातून बाहेर पडणे हा सुटकेचा पहिलाच टप्पा होता. राजगड अजून शेकडो कोस दूर होता आणि वाटेवर सर्वत्र शोध सुरू होणार होता. लहान मुलाला बरोबर घेऊन वेगाने दौडणे अशक्य होते.

५/ म्हणून महाराजांनी एक कठोर निर्णय घेतला. मुलाला मथुरेत ठेवून ते पुढे निघाले. मोरोपंत पिंगळ्यांचे मेहुणे असलेले तीन भाऊ, कृष्णाजीपंत, काशीपंत आणि विसाजीपंत, मथुरेत राहत होते. त्यांच्या घरी संभाजीराजे राहिले. राजगडी पोहोचल्यावर मुलगा वाटेत मरण पावल्याची वार्ता महाराजांनी मुद्दाम पसरवली, असे परंपरा सांगते. मेलेल्या मुलाचा शोध कोण घेणार? संभाजीराजांचा हा पहिला मृत्यू. तो खोटा होता, आणि त्यानेच त्यांना जिवंत ठेवले.

६/ काही काळाने या भावांनी संभाजीराजांना सुखरूप राजगडी पोहोचवले. महाराजांनी त्यांचा गौरव करून त्यांना ‘विश्वासराव’ हा किताब दिला. हा शब्द लक्षात ठेवावा. शौर्याचा किताब देता आला असता. महाराजांनी विश्वासाचा दिला. कोणी एकाने जरी तोंड उघडले असते, तरी सारे संपले असते.

७/ या मौनाची किंमतही मोजावी लागली. महाराजांचे वकील रघुनाथपंत कोरडे आणि त्र्यंबकपंत डबीर आग्र्यात पकडले गेले आणि त्यांनी छळ सोसला. रामसिंहांवर बादशहाची गैरमर्जी झाली. एका मुलाच्या सुटकेमागे अशी कितीतरी माणसे उभी होती.

८/ आता रत्नागिरीकडे वळू. संगमेश्वराजवळचे शृंगारपूर हे शिर्के घराण्याचे गाव, म्हणजे संभाजीराजांची सासुरवाडी. येसूबाई याच घरातल्या. १६७६ नंतरचा काही काळ युवराज शृंगारपुरी राहून त्या भागाचा कारभार पाहत होते. संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा हा राजपुत्र या डोंगराळ मुलखाला चांगला ओळखत होता.

९/ १६८१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला आणि त्याच सुमारास औरंगजेब स्वतः दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला. जंजिरा, गोवा, मोगल अशा अनेक आघाड्यांवर राजे लढत राहिले. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर बादशहाचे सारे बळ मराठ्यांवर वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरसेनापती हंबीरराव मोहिते वाईजवळच्या लढाईत पडले.

१०/ बाहेरून हा दाब असतानाच घरातली फूट वाढली. १६८८ मध्ये शिर्के आणि कवी कलश यांच्यात संघर्ष पेटला. राजे स्वतः धावून आले आणि त्यांनी शिर्क्यांचा मोड केला. ज्या मुलखात सासरचा आधार होता, तोच मुलूख आता बेभरवशाचा झाला.

११/ संगमेश्वरी राजे विलासात मग्न होते, असे मोगल तवारिखकार रंगवून सांगतात. जेधे शकावली मात्र सांगते की, राजे खेळण्याहून, म्हणजे विशाळगडाहून, रायगडास निघाले असता वाटेत संगमेश्वरी आले होते. त्याच वेळी कोल्हापूरकडून शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान निवडक घोडदळासह अवघड घाट उतरून अनपेक्षितपणे चालून आला.

१२/ १ फेब्रुवारी १६८९. चकमक झाली. संताजींचे पिता म्हाळोजी घोरपडे लढताना पडले. राजे आणि कवी कलश कैद झाले. फितुरी कोणाची, यावर आजही एकमत नाही, आणि एकाच नावावर सारा दोष टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. एवढे मात्र खरे की शत्रूचे सैन्य सह्याद्री उतरून छत्रपतींच्या मुक्कामापर्यंत पोहोचले आणि वेळेवर कोणी त्याला अडवले नाही. मथुरेत जे मौन टिकले, ते येथे टिकले नाही. आणि येथे जी खबर हवी होती, ती कामी आली नाही.

१३/ कैद्यांना बहादूरगडावर, बादशहाच्या छावणीत नेण्यात आले. विटंबना झाली, डोळे काढले गेले; राजे नमले नाहीत. ११ मार्च १६८९ रोजी भीमेच्या काठी, तुळापूर-वढू परिसरात त्यांची हत्या झाली. वयाची बत्तीस वर्षे पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. लहानपणी ज्याच्या दरबारात ते उभे राहिले होते, त्याच बादशहाचा हा हुकूम होता. हा दुसरा मृत्यू खरा होता.

१४/ त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहूराजे कैद झाले. पिता नवव्या वर्षी सुटला. पुत्र सातव्या वर्षी अडकला आणि औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १६९९ नव्हे तर थेट १७०७ मध्ये, सुटला. अठरा वर्षांत त्याच्यासाठी आग्र्यासारखी सुटका घडू शकली नाही.

१५/ म्हणून आग्र्याची कथा केवळ युक्तीची कथा म्हणून वाचू नये. पेटारे, वेशांतर, वेगवान घोडी ही साधने होती. मुलाला वाचवले ते मथुरेतल्या एका घराने आणि छळ सोसणाऱ्या दोन वकिलांनी. कधी कसब्यात कर्णेश्वराचे प्राचीन मंदिर पाहायला गेलात, तर संभाजीराजांबरोबर त्या विश्वासरावांचेही स्मरण करा. संगमेश्वरी नेमकी तशाच माणसांची उणीव भासली.