संपर्क तुटल्याची साक्ष : गाडीच्या एका भाषेचा इतिहास

मी भाषेचा मास्तर, मोटारीचा नव्हे. पण माझे काही जुने विद्यार्थी गॅरेजमध्ये काम करतात आणि त्यांची एक तक्रार मी वारंवार ऐकतो. गाडीला स्कॅनर लावला की ‘अमुक मॉड्यूलशी संपर्क तुटला’ असा कोड दिसतो. मॉड्यूल बदलायचे तर गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात आणि नवे बसवूनही कधी कधी कोड जात नाही. मग शिव्या मिस्त्रीला. या कोडचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ही मुळात भाषेचीच गोष्ट आहे असे लक्षात आले.

इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स यांना वेगवेगळे छोटे संगणक मिळाले, तेव्हा प्रश्न उभा राहिला की यांनी एकमेकांशी बोलायचे कसे? प्रत्येकापासून प्रत्येकाकडे वेगळी तार नेली, तर गाडीत तारांचे जंगल होते. जर्मनीतल्या बॉश कंपनीत १९८३ मध्ये उवे किएंके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम सुरू केले. फेब्रुवारी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात मोटार अभियंत्यांच्या परिषदेत त्यांनी आपली पद्धत मांडली. ‘कंट्रोलर एरिया नेटवर्क’ हे तिचे नाव, थोडक्यात ‘कॅन’. १९८७ मध्ये इंटेलने तिची पहिली चिप आणली, पाठोपाठ फिलिप्सने. १९९१ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत ती आली आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. २००८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना तपासणीसाठी हीच भाषा सक्तीची झाली.

तिची रचना साधी आहे. एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा आणि त्यांवर टांगलेली सगळी मॉड्यूल्स. यात कोणी सरपंच नाही. जो बोलतो त्याचे सगळे ऐकतात. ज्याला गरज असेल तो घेतो. दोघे एकाच वेळी बोलू लागले, तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान, तो पुढे बोलत राहतो आणि दुसरा आपण होऊन थांबतो. मुशायऱ्यात उलटे असते, तिथे बुजुर्ग शायर शेवटी येतात. पण अदब दोन्हीकडे आहे.

चुकीचा हिशोबही प्रत्येक मॉड्यूल स्वतःच ठेवते. पाठवताना चूक झाली की साधारणपणे आठ गुण वाढतात, संदेश नीट गेला की एक कमी होतो. बेरीज २५५ च्या पुढे गेली की ते मॉड्यूल स्वतःहून गप्प बसते, म्हणजे एकाच्या बिघाडाने सगळ्यांचे बोलणे बंद पडू नये.

आता कोडकडे येऊ. ‘यू ०१२१’ म्हणजे ब्रेकच्या एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला. हे कोण सांगते आहे? एबीएस नव्हे, तर त्याचा आवाज ज्याला ऐकू आला नाही तो. म्हणजे कोड ही ऐकणाऱ्याची साक्ष आहे, आरोपीचा कबुलीजबाब नाही. न बोलणारा मेलेला असेल, उपाशी असेल किंवा वाटेतली तार तुटली असेल.

म्हणून जाणते कारागीर आधी सगळ्या मॉड्यूल्सचे कोड वाचतात. सगळेच ‘एबीएस गप्प आहे’ म्हणत असतील, तर आधी एबीएसचा फ्यूज, त्याला मिळणारा वीजपुरवठा आणि बॉडीला जोडलेली अर्थिंगची तार बघायची. कनेक्टरमध्ये पाणी शिरून गंज चढला, तरी चांगले मॉड्यूल मुके होते. एकट्याचीच तक्रार असेल, तर संशय तक्रार करणाऱ्यावर आणि त्याच्याकडे जाणाऱ्या तारेवर.

सगळीच लाइन बंद असेल, तर साधा मल्टिमीटर कामाला येतो. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मोजले, तर सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले, तर एक टोक सुटले आहे किंवा मध्ये तार तुटली आहे. शून्याजवळ आले, तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मग मॉड्यूल्स एकेक करून सोडवायची. ज्याला काढल्यावर आकडा ताळ्यावर येतो, तिथे दोष. हे मोजमाप अनेक गाड्यांत तपासणीच्या सॉकेटवरच, ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांवर करता येते. काही नव्या गाड्यांत मध्ये गेटवे बसलेला असतो, तिथे थेट लाइनवरच मोजावे लागते.

यातले काहीही माझ्या विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. हात त्यांच्याकडे आहेत, मीटरही आहे. अडते ते वाचनापाशी, कारण हे ज्ञान इंग्रजी मॅन्युअलमध्ये बंद आहे. स्कॅनरवरची ओळ इंग्रजीत येते आणि तिचा अर्थ ‘हे मॉड्यूल खराब आहे’ असाच लावला जातो. गिऱ्हाइकाचे पैसे आणि मिस्त्रीची अब्रू या एका चुकीच्या भाषांतरात जाते. मोटार मेकॅनिकच्या वर्गांत हे प्रकरण मराठीत आणि उर्दूत लिहून शिकवले पाहिजे. ते लिहिण्याचे काम अभियंत्यांइतकेच आम्हा भाषाशिक्षकांचेही आहे.