त्र्यंबक शंकर शेजवलकर : युद्ध आणि धर्म यांच्या इतिहासमीमांसेची वाटचाल

प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासलेखनात लढायांची वर्णने विपुल आहेत. त्यामानाने युद्धाची चिकित्सा अल्प आहे. एखादी लढाई जिंकली तर ती धर्माच्या बळावर आणि हरली तर कोणाच्या तरी फितुरीमुळे, असे सोपे समीकरण बखरींपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत आढळते. हे समीकरण ज्या थोड्या अभ्यासकांनी साधनांच्या कसोटीवर तपासले त्यांत त्र्यंबक शंकर शेजवलकर (१८९५-१९६३) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. युद्धाच्या पाठीशी असलेली राजनीती आणि राजनीतीच्या पाठीशी असलेला समाज व धर्म, अशा तीन पातळ्यांवर त्यांनी एकाच वेळी विचार केला. प्रस्तुत निबंधात त्यांच्या संशोधनकार्याचा मागोवा घेऊन त्यांच्या विचारपद्धतीचा ठाणे-साष्टी परिसराच्या इतिहासाला कितपत उपयोग होतो, याचा विचार केला आहे.

जडणघडण

शेजवलकरांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात, कनकादित्याच्या मंदिरामुळे प्रसिद्ध असलेल्या कशेळी या गावी झाला. १९१७ मध्ये ते बी. ए. झाले. पुढे एम. ए. साठी त्यांनी मुसलमानी अमलाचा हिंदू समाजावर झालेला परिणाम हा विषय निवडून प्रबंध लिहिला. तो स्वीकारला गेला नाही. त्यानंतर पदवीच्या मागे न लागता त्यांनी स्वतंत्र संशोधनाची वाट धरली.

या घटनेकडे केवळ एक चरित्रात्मक तपशील म्हणून पाहून चालणार नाही. त्यांच्या संशोधनाचा आरंभ एखाद्या लढाईपासून झाला नाही. दोन धर्मसमाज शतकानुशतके एकत्र राहिल्यावर एकमेकांत काय बदल घडवतात, या प्रश्नापासून तो झाला. पुढील काळात ते युद्धेतिहासाकडे वळले तेव्हा हा प्रश्न त्यांनी सोबत नेला.

भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वर्तुळात त्यांची उमेदवारी झाली. मात्र मंडळातील ज्येष्ठांचे मत प्रमाण मानण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९२९ ते १९३२ या काळात त्यांनी ‘प्रगति’ हे साप्ताहिक चालवले. त्यातून इतिहास, समाज व राजकारण यांवर त्यांनी परखड लेखन केले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुनरुज्जीवन झाले आणि मराठ्यांच्या इतिहासाचे प्रपाठक म्हणून शेजवलकरांची तेथे नियुक्ती झाली. एम. ए. ची पदवी नसलेला संशोधक पदव्युत्तर संस्थेत अध्यापक झाला, ही गोष्ट त्या काळच्या विद्याव्यवहाराबद्दल बरेच काही सांगते. १९५५ पर्यंत ते तेथे कार्यरत होते. नाना फडणिसांच्या मेणवली दप्तरातील नागपूरविषयक पत्रांचे त्यांनी संपादन केले आणि त्याचे दोन खंड १९५४ व १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पानिपतची चिकित्सा

शेजवलकरांचा ‘पानिपत : १७६१’ हा इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला. लढाईला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या १९६१ साली तो विषय त्यांनी मराठी वाचकांसमोर मांडला. तत्पूर्वी या विषयाची मराठी चर्चा प्रामुख्याने वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडाला लिहिलेल्या प्रस्तावनेभोवती फिरत होती. राजवाड्यांनी गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर यांच्या वर्तनाला पराभवाचे मोठे कारण ठरवले होते. सदाशिवरावभाऊंच्या हट्टी स्वभावावर ठपका ठेवणारी दुसरी परंपरा बखरींतून चालत आली होती.

शेजवलकरांनी व्यक्तिदोषाची ही चौकट ओलांडली. उदगीरच्या विजयानंतर (फेब्रुवारी १७६०) उत्तरेस निघालेल्या फौजेला कोणते काम सोपवले होते आणि त्यासाठी कोणती साधने दिली होती, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. १७५२ च्या करारान्वये मराठ्यांनी मोगल बादशाहीच्या संरक्षणाची जबाबदारी पत्करली. त्या जबाबदारीला साजेसा पैसा, मित्र आणि सातत्यपूर्ण धोरण मात्र पुण्याहून पुरवले गेले नाही. अपयशाचा मोठा वाटा त्यांनी नानासाहेब पेशव्यांच्या धोरणावर टाकला आणि भाऊंची बाजू सावरून धरली.

लष्करीदृष्ट्याही त्यांचे विवेचन मोलाचे आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतला, परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीशी असलेला संबंध तुटला. नोव्हेंबरपासून फौज पानिपतच्या छावणीत अडकली. डिसेंबरमध्ये गोविंदपंत मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही मावळली. अशा स्थितीत १४ जानेवारी १७६१ रोजी गोल बांधून बाहेर पडण्यात शत्रूची फळी भेदून वाट काढण्याचा हेतू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दिवसाचा उलगडा होतो. गोलाच्या लढाईला कवायती शिस्त लागते. ती इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींजवळ होती. पारंपरिक घोडदळाला तिची सवय नव्हती. दोन युद्धपद्धतींचा सांधा ऐन वेळी निखळला, हे पराभवाचे तांत्रिक कारण होय.

धर्माचा प्रश्न

पानिपतची लढाई हिंदू विरुद्ध मुसलमान अशी होती काय? नजीबखान रोहिल्याने धर्माच्या नावाने अब्दालीला साद घातली आणि शाह वलीउल्लाह यांनीही त्याला पाचारण केले, हे खरे आहे. परंतु रणांगणावरील चित्र या विभागणीत बसत नाही. मराठ्यांच्या तोफखान्याची व कवायती पायदळाची धुरा इब्राहिमखानाकडे होती. पकडला गेल्यावर त्याला प्राणास मुकावे लागले. अब्दालीकडे गेलेला शुजाउद्दौला शिया होता आणि त्याचा निर्णय बऱ्याच दोलायमान अवस्थेनंतर झाला. या लढाईचा फारसी वृत्तांत लिहिणारा काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण त्याच शुजाच्या सेवेत होता. सुरजमल जाट हिंदू असूनही लढाईपूर्वीच मराठ्यांपासून दूर झाला.

शेजवलकरांनी या लढाईकडे पाहिले ते अखिल हिंदुस्थानच्या संदर्भात. परकी आक्रमकाविरुद्ध दिल्लीच्या सत्तेचे रक्षण करण्यासाठी मराठे पानिपतावर उभे होते, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे. दिल्लीची ती सत्ता मोगलांची होती, हे विसरता येत नाही. त्याचबरोबर धर्म हा घटक त्यांनी वगळला, असेही नाही. धर्माच्या आवाहनाने कोण एकत्र आले, कोण आले नाही आणि का, हे त्यांच्या दृष्टीने तपासण्याचे विषय होते. ज्या काळात हा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्या १९४६ सालचे देशातील वातावरण लक्षात घेतले म्हणजे या भूमिकेला किती धैर्य लागले असेल, याची कल्पना येते.

ठाणे-साष्टी परिसर : एक पडताळा

ही पद्धत केवळ पानिपतापुरती मर्यादित नाही. ठाण्याच्या परिसरात तिचा पडताळा घेता येतो. साष्टी बेटाच्या ईशान्य टोकाला, खाडीकाठी बाळकुम वसले आहे. खाडीपलीकडे भिवंडी तालुक्यात अंजूर आहे. १५३४ च्या तहाने वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. पुढे दोनशे वर्षांत या मुलखात हिंदूंच्या धर्माचरणावर निर्बंध आले. त्यांतून निर्माण झालेला असंतोष अंजूरच्या गंगाजी नाईकांच्या प्रयत्नांमागे होता आणि त्यांनी पेशव्यांकडे मदतीची मागणी केली. ‘साष्टीच्या बखरी’त ही हकीकत आहे. येथे धर्म हे युद्धाचे खरेखुरे कारण होते, हे नाकारता येणार नाही.

परंतु तेवढ्याने मोहिमेचा उलगडा होत नाही. पोर्तुगीज ठाण्याला किल्ला बांधत होते. तो पूर्ण झाला असता तर कल्याणकडे जाणाऱ्या खाडीमार्गावर त्यांची पकड बसली असती. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले त्या वेळी किल्ल्याचे काम अपुरेच होते. मुंबईच्या इंग्रजांनी पोर्तुगीजांना हात राखून मदत केली आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर त्याच वर्षी पेशव्यांशी तह केला. दोघेही ख्रिस्ती असल्याने त्यांच्या व्यवहारात फरक पडला नाही. चिमाजी आप्पांनी मान्य केलेल्या अटींत ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मुभा होती. धर्मरक्षणासाठी पुकारलेल्या मोहिमेचा शेवट परधर्मीयांना आश्वासन देऊन व्हावा, ही गोष्ट जेत्यांच्या राजनीतीवर प्रकाश टाकते. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतले तेव्हा तर धर्माचा उच्चारही आवश्यक राहिला नव्हता. एकाच किल्ल्यासाठी चाळीस वर्षांच्या आत झालेल्या या दोन युद्धांत धर्माचा वाटा वेगवेगळा होता, हे शिकवताना स्पष्ट करणे इष्ट ठरते.

मर्यादा

शेजवलकरांच्या लेखनाला मर्यादा आहेत. त्यांचा सूर अनेकदा वादी-प्रतिवादीचा होतो आणि काही निष्कर्ष साधनांच्या पुढे धावतात. भाऊंचे समर्थन करताना छावणीसोबत असलेल्या बिनलढाऊ लोकांच्या ओझ्याबाबत आणि स्थानिक मित्र गमावण्याबाबत सेनापतीची जबाबदारी सौम्य होते, असा आक्षेप घेण्यास जागा आहे. आयुष्यभर मनात बाळगलेले शिवचरित्र ते पूर्ण करू शकले नाहीत. त्याची प्रस्तावना, आराखडा व साधने ‘श्रीशिवछत्रपती’ या नावाने १९६४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. १९६६ मध्ये या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. अपूर्ण ग्रंथाला मिळालेला हा मान संशोधनातील प्रश्नांच्या मोलाला मिळालेला मान होता, असे म्हणावे लागेल.

समारोप

शेजवलकरांच्या कारकिर्दीतून तीन निष्कर्ष हाती येतात. पहिला, युद्धाचा अभ्यास रसद, पैसा, वाटा व कवायत यांच्या हिशेबाशिवाय होत नाही. दुसरा, धर्म हे युद्धाचे कारण, निमित्त किंवा आवाहन यांपैकी नेमके काय होते, हे प्रत्येक प्रसंगी स्वतंत्रपणे ठरवावे लागते. तिसरा, संशोधकाची योग्यता त्याच्या प्रश्नांवरून जोखली पाहिजे. पदवी हे त्याचे एक गमक आहे, एकमेव नव्हे. महाविद्यालयांच्या वर्गांत पानिपत किंवा वसई शिकवताना विद्यार्थी ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी वाटणी घेऊनच येतात. इब्राहिमखान कोणत्या बाजूला होता आणि काशीराज कोणत्या, एवढे दोन प्रश्न विचारले तरी त्या वाटणीचा पुनर्विचार सुरू होतो. तो सुरू करून देणे हे इतिहासाच्या अध्यापकाचे काम आहे आणि त्यासाठी शेजवलकरांचे ग्रंथ ग्रंथालयाच्या कपाटातून वर्गात आणणे अगत्याचे आहे.