कॉस्मेटिक सायन्स आणि कॉस्मेटोलॉजी: फरक काय?

बारावीनंतर मी ‘कॉस्मेटोलॉजी’ कोर्सची फी भरली. क्रीम बनवायला शिकवतील असं वाटलं होतं, तिथे शिकवलं फेशियल आणि हेअरकट! ते कामही कौशल्याचंच, पण मला जायचं होतं कंपनीच्या लॅबमध्ये. तुमची फी वाया जाऊ नये म्हणून हा फरक समजून घ्या.

कॉस्मेटिक सायन्स म्हणजे मुख्यतः रसायनशास्त्र. तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं इमल्सिफायर, जंतू वाढू न देणारं प्रिझर्व्हेटिव्ह, पीएच आणि उन्हाळ्यातही क्रीम टिकेल का हे तपासणारी स्टॅबिलिटी टेस्ट, हे सगळं त्यात येतं. भारतात ‘कॉस्मेटिक्स रूल्स, 2020’ लागू आहेत, तेही माहीत हवेत.

यासाठी केमिस्ट्रीतली बी.एस्सी. किंवा बी.फार्म. हा चांगला पाया ठरतो. मुंबईच्या आयसीटीमध्ये तेलं आणि सर्फॅक्टंट, म्हणजे साबण-शाम्पूतले मळ काढणारे घटक, यांचं तंत्रज्ञान शिकवलं जातं.

प्रवेश घेण्याआधी सिलॅबसची पीडीएफ मोबाईलवर उघडा आणि ‘इमल्शन’ हा शब्द इंग्रजीत सर्च करा. सापडला नाही, तर फी भरण्याआधी एकच विचारा: इथे फॉर्म्युलेशनची लॅब आहे का?