रस्ता, ट्रॅक आणि एक निवड : पोर्शे ९५९ की फेरारी एफ-४०?

१/
१९८७ सालचा उन्हाळा सरत आला आहे. पश्चिम युरोपातील एका धनिकाला अशी मोटार हवी आहे, जी सोमवारी कचेरीत नेता येईल आणि रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर. पैशाची ददात नाही. त्याच्यापुढे प्रामुख्याने दोन नावे आहेत : जर्मनीची पोर्शे ९५९ आणि इटलीची फेरारी एफ-४०. दोन्ही ताशी ३०० किलोमीटरच्या पलीकडे जाणाऱ्या, दोन्हींच्या इंजिनाला दोन-दोन टर्बो, दोन्हींचे इंजिन चालकाच्या पाठीमागे. कागदावर सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. प्रत्यक्षात या दोघींमधील निवड त्या काळातील वेगाविषयीच्या एका गंभीर मतभेदाची निवड होती. आजचा थ्रेड त्या मतभेदाविषयी.

२/
आधी मूळ पाहू. १९८२ साली मोटार शर्यतींचे नियमन करणाऱ्या 'फिसा' या जागतिक संस्थेने मोटारींची नवी वर्गवारी अमलात आणली. तिच्यातील 'ग्रुप बी' हा वर्ग विलक्षण सैल होता. कंपनीने १२ महिन्यांत एकाच नमुन्याच्या २०० मोटारी बांधून दाखवल्या की तो नमुना शर्यतीस पात्र ठरे. पुढे त्याच मोटारीच्या अधिक जहाल अशा २० आवृत्त्या बांधण्याचीही मुभा होती. या पात्रतेच्या प्रक्रियेला 'होमोलोगेशन' म्हणतात.

३/
आता २०० मोटारी बांधायच्या, तर त्या कुणाला तरी विकायलाही हव्यात. आणि विकायच्या, तर त्यांना नंबरप्लेट मिळाली पाहिजे. म्हणजे आपल्या धनिकाला जी 'रस्त्यावरची मोटार' मिळणार होती, ती खरे पाहता शर्यतीत उतरण्यासाठी कंपनीने भरलेली प्रवेश-फी होती.

४/
पोर्शेमध्ये त्या सुमारास एक वेगळाच पेच होता. त्यांची ९११ ही मोटार १९६३ पासूनची. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, रचना जुनी. ती बंद करावी असे कंपनीत जवळजवळ ठरत आले होते. १९८१ मध्ये सूत्रे हाती घेतलेल्या पीटर शुट्झ यांनी तो निर्णय फिरवला. संशोधन-विकास विभागाचे प्रमुख हेल्मुट बॉट यांना आता एका प्रश्नाचे उत्तर हवे होते : या जुन्या सांगाड्याला आणखी किती पुढे नेता येईल? 'ग्रुप बी'च्या निमित्ताने ते उत्तर शोधण्याची सोय झाली. सप्टेंबर १९८३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात 'ग्रुप्पे बी' याच नावाने एक पांढरीशुभ्र मोटार मांडली गेली. तीच पुढे ९५९ झाली.

५/
त्या मोटारीत काय नव्हते! शक्ती चारही चाकांना जाई, आणि पुढच्या व मागच्या चाकांत तिची वाटणी किती करायची हे एक संगणकीय यंत्रणा क्षणोक्षणी ठरवी. चालकाने फक्त रस्ता कोरडा, ओला की बर्फाळ एवढे तिला सांगायचे. वेग वाढला की गाडी आपोआप खाली बसे. ब्रेकला एबीएस होते. चाके मॅग्नेशियमची आणि त्यांचे आरे पोकळ, टायरमधील हवेशी जोडलेले. त्या हवेचा दाब उतरू लागला की संवेदक चालकाला सावध करी. २.८५ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन ४५० अश्वशक्ती देई. त्याचे सिलिंडर हवेने थंड होत आणि माथे पाण्याने. आतमध्ये चामड्याची आसने, वातानुकूलन, विजेवर चालणाऱ्या काचा. नवी राजवट, पण वाडा जुनाच!

६/
या यंत्रणेची परीक्षा ट्रॅकवर नव्हे, वाळवंटात झाली. १९८५ च्या पॅरिस-डकार रॅलीत पोर्शेने उतरवलेल्या तिन्ही गाड्या बाद झाल्या. १९८६ मध्ये ९५९ ने पहिला, दुसरा आणि सहावा क्रमांक मिळवला. रेने मेत्झ विजेते, जॅकी इक्स दुसरे. त्याच रॅलीत तिचे संस्थापक तिएरी साबीन हेलिकॉप्टर कोसळून मरण पावले. त्या वर्षी जूनमध्ये ९५९ चीच शर्यती आवृत्ती '९६१' ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत सातवी आली. वाळू आणि डांबर, दोन्हीकडे एकच यांत्रिक विचार चालतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

७/
इकडे मारानेलोत फेरारीचीही 'ग्रुप बी'ची तयारी होतीच. १९८४ मध्ये जिनिव्हात त्यांनी २८८ जीटीओ सादर केली आणि २०० ची अट ओलांडून २७२ मोटारी विकल्या. मग नियमाने दिलेली ती जहाल आवृत्ती, 'इव्होलुत्सिओने', त्यांनी बांधायला घेतली. टर्बो इंजिनांचे जाणकार निकोला मातेरात्सी या कामात अग्रभागी होते. सुमारे ६५० अश्वशक्तीच्या या थोड्याशा गाड्या केवळ शर्यतीसाठी होत्या.

८/
आणि मग १९८६ चे ते काळे वर्ष उजाडले. मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक मोटार प्रेक्षकांच्या गर्दीत घुसली आणि तिघे दगावले. २ मे रोजी कॉर्सिका बेटावर हेन्री तोइवोनेन आणि त्यांचे सहचालक सर्जियो क्रेस्टो यांची लान्चिया एका वळणावर दरीत कोसळून पेटली. दोघेही जागीच गेले. 'फिसा'चे अध्यक्ष जाँ-मारी बालेस्त्र यांनी तातडीने जाहीर केले की पुढच्या वर्षापासून जागतिक रॅली स्पर्धेतून 'ग्रुप बी' हद्दपार. ट्रॅकवर तर या वर्गाने कधी बाळसे धरलेच नव्हते.

९/
इथे आपली गोष्ट वळण घेते. दोन कारखान्यांत दोन शर्यती मोटारी अर्ध्या-मुर्ध्या तयार आहेत, आणि ज्या शर्यतीसाठी त्या बांधल्या ती शर्यतच उरलेली नाही. वऱ्हाड निघाले आहे आणि लग्न मोडले आहे! आता काय करायचे?

१०/
पोर्शेने ग्राहकांना शब्द दिला होता. आधीच विलंब झालेला; १९८७ पासून गाड्या ग्राहकांच्या हाती पडू लागल्या. किंमत ४,२०,००० जर्मन मार्क, आणि प्रत्येक गाडी बांधण्याचा खर्च त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे प्रत्येक विक्रीगणिक तोटा. बॉट यांच्या प्रयोगशाळेचा खर्च म्हणूनच कंपनीने तो सोसला असावा असे मला वाटते. अशा जेमतेम तीनशेच्या आसपास गाड्या बांधल्या गेल्या.

११/
मारानेलोत वेगळा विचार झाला. एन्झो फेरारी नव्वदीकडे झुकलेले, प्रकृती खालावलेली. कंपनीच्या चाळिशीच्या निमित्ताने त्या पोरक्या 'इव्होलुत्सिओने'लाच नंबरप्लेट द्यायचे ठरले. साधारण एका वर्षात मोटार उभी राहिली. रूप पिनिनफारिनाचे. २१ जुलै १९८७ रोजी ती जगापुढे आली. एन्झो यांच्या हयातीत सादर झालेली ही शेवटची नवी फेरारी. १४ ऑगस्ट १९८८ रोजी ते निवर्तले.

१२/
एफ-४० मध्ये बसणे हा एक वेगळाच अनुभव असे. दार उघडायला आत मूठ नाही, एक दोरी आहे, ती ओढायची. गालिचा नाही, रेडिओ नाही, सामान ठेवायचा कप्पा नाही. पहिल्या काही गाड्यांत काचेऐवजी सरकणारे पारदर्शक प्लास्टिक. वातानुकूलन तेवढे होते. कार्बन आणि केवलरच्या धाग्यांनी विणलेले पत्रे. एबीएस नाही, ब्रेकला मदत करणारा सर्व्हो नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. शक्ती ४७८ अश्वांची, आणि ती सगळी केवळ मागच्या दोन चाकांना.

१३/
वजनाकडे पाहा. फेरारीने सांगितलेला आकडा ११०० किलो. ९५९ चा सुमारे १४५० किलो. (फेरारीचा आकडा तेल-पाणी-इंधन वगळून आहे, त्यामुळे दोन्ही एका तराजूत घालू नयेत, पण अंतर मोठे होते यात वाद नाही.) कमाल वेगात फेरारी ताशी ३२४ किलोमीटर, पोर्शे ३१७. शंभर किलोमीटरचा वेग गाठायला पोर्शेला ३.७ सेकंद लागत, फेरारीला ४ हून किंचित जास्त. हलकी आणि अधिक शक्तीची गाडी सुरुवातीला मागे का पडे? कारण चार चाकांची पकड दोन चाकांना कुठून येणार?

१४/
या दोघींमधला खरा भेद टर्बोत दिसतो, म्हणून तिथे थोडे थांबू. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या झोतावर फिरणारी चक्की. ती ताजी हवा दाबून इंजिनात भरते. अधिक हवा, म्हणून अधिक इंधन, म्हणून अधिक शक्ती. अडचण अशी की चक्कीला वेग यायला वेळ लागतो. चालक ॲक्सिलरेटर दाबतो, काहीच घडत नाही, आणि मग एकदम सारे घडते. या विलंबाला 'टर्बो लॅग' म्हणतात. वळणाच्या मधोमध ही शक्ती अचानक उसळली, तर मागची चाके पकड सोडतात.

१५/
पोर्शेने यावर तोड काढली. सुरुवातीला सगळा वायू एकाच टर्बोकडे वळवायचा, म्हणजे तो लवकर गरगरू लागतो. फेरे वाढले की दुसरा सामील होतो. लाट येतच नाही, भरती हळूहळू चढते. फेरारीने दोन्ही टर्बो एकदमच जोडले आणि विलंब तसाच ठेवला. ती लाट केव्हा येईल हे ओळखून, तिच्या आधी चाके सरळ करून बसणे हे चालकाचे काम. ज्याला ते साधले त्याला एफ-४० सारखा आनंद दुसरीकडे मिळाला नाही. ज्याला साधले नाही, त्याला दुसरी संधी मिळेल याची हमी नव्हती.

१६/
तर मग आपल्या धनिकाने काय घ्यावे? आल्प्समधून पावसात घरी परतायचे असेल, बाजूला कुटुंबातले कुणी बसले असेल, तर ९५९. याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. कोरडा ट्रॅक, तापलेले टायर आणि हाताला वर्षानुवर्षांचा सराव असेल, तर एफ-४०. 'रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी एकच' ही मूळ अट प्रामाणिकपणे पाळायची, तर उत्तर पोर्शेच येते. चूक झाल्यास ती कुणी निस्तरायची, यंत्राने की माणसाने, हा तो प्रश्न होता; आणि कॉर्सिकाच्या दरीनंतर अवघ्या वर्षभरात तो विचारला जात होता हे विसरू नये.

१७/
गिऱ्हाइकांनी मात्र कौल भलतीकडे दिला. एफ-४० च्या ४०० गाड्या बांधायचे ठरले होते. मागणी एवढी लोटली की १९९२ पर्यंत १३०० हून अधिक बांधाव्या लागल्या. एन्झो गेल्यावर तर सट्टेबाजही रांगेत उभे राहिले. '९५९ फार थंड आहे, फार शहाणी आहे' असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई. मला त्यात थोडा अन्याय दिसतो. पण ज्याने पहिल्यांदा ती दोरी ओढून दार उघडले असेल, त्याला मी दोष देणार नाही.

१८/
आणि ट्रॅक? तिथे इतिहासाने खोडी काढली. पादुआच्या मिकेलोत्तो यांनी एफ-४० ची शर्यती आवृत्ती बांधली. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील लगुना सेका येथे जाँ अलेसी यांनी तिला पदार्पणातच तिसरी आणले. १९९५ मध्ये, म्हणजे जन्मानंतर ८ वर्षांनी, स्वीडनमधील अँडरस्टॉर्पला तिने चक्क मॅकलॅरेन एफ-१ गाड्यांना मागे टाकून शर्यत जिंकली. पोर्शेची ९६१ मात्र १९८७ च्या ल मान्समध्ये पेटली आणि तिची कारकीर्द तिथेच संपली.

१९/
रस्त्याने पोर्शेचे ऐकले. चार चाकांना शक्ती देणारी ९११ कॅरेरा ४ लगेच १९८९ मध्ये आली. १९९५ पासूनच्या ९११ टर्बोत दोन टर्बो आणि चारचाकी ओढ एकत्र नांदू लागली. टायरचा दाब सांगणारी यंत्रणा सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. एबीएस भारतातही एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत अनिवार्य आहे. पुण्याच्या पावसात अचानक ब्रेक दाबल्यावर पायाखाली जी थरथर जाणवते, तिच्यासाठी १९८७ मध्ये धनिकांनाच पैसे मोजावे लागत.

२०/
शेवटी अमेरिकेचा किस्सा, कारण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. दारात दोरी लावलेली, एबीएस नसलेली एफ-४० तिथे रीतसर विकली गेली. फेरारीने अमेरिकी नियमांत बसणारी आवृत्ती काढून दोनशेहून अधिक गाड्या दिल्या. सुरक्षेच्या साऱ्या यंत्रणांनी सजलेली ९५९ मात्र बेकायदा! पोर्शेने तिच्यासाठी अमेरिकी धडक-चाचणी आणि धुराचे प्रमाणपत्र घेतलेच नव्हते. बिल गेट्स यांनी मागवलेली ९५९ वर्षानुवर्षे बंदरावर सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात पडून राहिली. अखेर १९९८ च्या कायद्याने आणि १९९९ मध्ये लागू झालेल्या नियमांनी तांत्रिक वा ऐतिहासिक महत्त्वाच्या दुर्मीळ गाड्यांना 'प्रदर्शनार्थ' परवानगी दिली. अट एकच : वर्षाला जास्तीत जास्त २५०० मैल. वाळवंट पार करून आलेल्या त्या मोटारीच्या वाट्याला दिवसाकाठी जेमतेम ११ किलोमीटर आले.