वाटाण्याला नत्र किती? एका चुकलेल्या निष्कर्षाची गोष्ट

समजा, जुन्नर किंवा आंबेगावात रब्बीत वाटाण्यावर खताचा प्रयोग लावायचाय. आपण लगेच तक्ता करतो: अर्केल आणि बोनव्हिल हे वाण, नत्राच्या तीन-चार मात्रा. पण त्याआधी थोडा इतिहास बघा.

१८३८ मध्ये फ्रान्सच्या बूसँगो यांना दिसलं, की क्लोव्हर आणि वाटाण्यात नत्र वाढतं, गव्हात नाही. मग १८५७-५८ मध्ये इंग्लंडच्या रोथॅमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी हे तपासलं. माती भाजून घेतली, रोपं काचेखाली वाढवली. मोजमाप चोख. निष्कर्ष काय, तर वनस्पती हवेतलं नत्र घेतच नाहीत!

चूक कुठे झाली? माती भाजताना तिच्यातले जिवाणूच मेले. हे कळायला १८८६ उजाडलं. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवलं, की निर्जंतुक वाळूत, नत्र न देता वाटाणा खुरटतो. पण त्याच वाळूत मातीचं थोडं पाणी घातलं की मुळांवर गाठी येतात आणि रोप तरारतं.

म्हणून तुमच्या तक्त्यात शून्य नत्राचा वाफा हवाच. रायझोबियमची बीजप्रक्रिया केली की नाही, हे नोंदवा. फुलोऱ्यात काही रोपं हलक्या हाताने उपटून गाठी मोजा. नत्र जास्त झालं की गाठी कमी होतात, पाला माजतो. नुसती उंची मोजून शिफारस केलीत, तर युरियाच्या जादा गोणीचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातील.